उडत्या बाजेवरचा राक्षस

बाईच्या संसारात दुसरी बाई आली तर तिला सवत म्हणतात. पुरुषाच्या संसारात दुसरा पुरुष आला तर त्याला काय म्हणायचं, यासाठी मराठीत घरगुती शब्दच नाही. लग्न झाल्यापासून मी तो शोधतोय. कारण आमच्या घरात तसा एक आहे. चांगला ताडमाड, डोक्यावर शिंगं, आणि कृष्णधवल.

तो एका जुन्या हिंदी सिनेमातला राक्षस. राजकन्या जंगलात हरवते, त्याला सापडते आणि दोघं उडत्या बाजेवर, म्हणजे चक्क खाटेवर, बसून तिच्या घरी निघतात, एवढीच गोष्ट. बाजेला वरून बांधलेल्या दोऱ्या स्पष्ट दिसतात. ढग कापसाचे आहेत, आणि तो कापूसही असा की आमच्या चिखलीच्या बाजारात कुणी भाव विचारणार नाही. तरी हा सिनेमा टीव्हीवर लागला की माणसं ताट हातात घेऊन बाहेरच्या खोलीत येऊन बसतात. पोरांनाही दोऱ्या दिसतात. त्यांचं काही म्हणणं नसतं.

त्यात एक प्रसंग आहे. अख्ख्या नगराला कापरं भरवणारा हा राक्षस, बाज वर उठताच डोळे मिटून घेतो आणि त्या चिमुरडीला म्हणतो, माझा हात धर. इथे माझी बायको हसते. आधी खांदे हलतात, मग डोळ्यांत पाणी येतं, आणि शेवटी एक उचकी लागते. दर वेळी.

आता माझं दुःख समजून घ्या. मेहकरपासून इकडे कुठेही लग्न असो, पंगत उठली की लोक माझ्याभोवती खुर्च्या ओढतात. मी बंद पडलेल्या एसटीची नक्कल करतो, तिला ढकलणाऱ्यांची करतो, आणि आत बसून सूचना देणाऱ्याची तर खास करतो. लोक पोट धरून हसतात. बायको रोहिणखेडची, शाळेत गणित शिकवते. माझी गोष्ट संपली की ती पेपर तपासल्यासारखी माझ्याकडे बघते आणि विचारते, "मंग?"

राक्षसाला तिने कधी "मंग?" विचारलेलं नाही.

मी उपाय करून पाहिले. नेमका तो प्रसंग आला की चहा मागितला. एकदा पडद्याजवळ जाऊन दोऱ्यांवर बोट ठेवलं. ती म्हणाली, "दोऱ्या मलेही दिसून राह्यल्या. तुम्ही सरका बरं."

या उन्हाळ्यात मुलगी पुण्याहून आली, तिच्या लहानग्या लेकीला घेऊन. एका दुपारी सिनेमा लागला. राक्षस बाजेवर बसला, बाज हलली आणि लाईन गेली. टीव्ही काळा, कूलर गप्प. नात रडवेली झाली. "आबा, पुढे काय होतं?"

असा मोका पुन्हा येणार नव्हता. मी सदऱ्यात उशी कोंबली, खुर्चीवर चढलो आणि सिनेमातल्या हिंदीत गडगडाट केला. नात बघत राहिली. मुलगी वर्तमानपत्राने वारा घालत राहिली.

"असा नाही तो," बायको म्हणाली. "तुमचा राक्षस तर भाषण देऊन राह्यला."

"मग तू कर."

करणार नाही, अशी माझी खात्री होती. तिने चष्मा काढून ठेवला, दिवाणावर मांडी घातली आणि मला शेजारी बसवलं. "तुम्ही राजकन्या. अन् राजकन्या इथं काही बोलत नाही, ध्यानात ठेवा."

मी गप्प बसलो. मला ओळखणारी माणसं यालाच माझा सर्वोत्तम अभिनय म्हणतील. दिवाण उडाल्याचं मला तिच्या मानेवरून कळलं. तिने हळूच खाली पाहिलं, डोळे मिटले, दिवाणाची कड घट्ट धरली, आणि बारीक आवाजात म्हणाली, "मले भेव लागून राह्यलं वं पोरी. माहा हात धर."

मी हात धरला. तिने एक डोळा किलकिला करून पाहिलं. शेजारी राजकन्या होती, मिशी असलेली, टक्कल पडलेली, घामाने डबडबलेली. आणि ती हसली. तेच खांदे, तेच पाणी, तीच उचकी. इतकी वर्षं ज्याच्यासाठी मी गावोगावच्या मांडवांत घसा कोरडा केला, ते माझ्या हातात हात ठेवून चाललं होतं, आणि मी एक अक्षरही बोललो नव्हतो.

लाईन आली. टीव्हीवर सिनेमा बराच पुढे गेला होता, पण तिकडे कुणी पाहिलं नाही. नात म्हणाली, "आजी, परत."

मी मुलीची ओढणी डोक्यावर घेतली आणि सावरून बसलो. नातीने माझं मनगट धरून मला खाली ओढलं. "आबा, तुम्ही उठा. आता मी राजकन्या."

दिवाण पुन्हा उडाला. बायकोने डोळे मिटले, हात पुढे केला, नातीने तो दोन्ही हातांत धरला. बायको हसली. माझ्या वेळेपेक्षा जास्त हसली. उचक्या दोन आल्या. मी कूलरपाशी उभा राहून मोजल्या.