ममतानी पेटी

शहाद्यातल्या त्या गल्लीत ममताच्या घरातल्या कॉम्प्युटरला कुणी कॉम्प्युटर म्हणत नाही. त्याला पडदा नाही, मग तो कॉम्प्युटर कसला? पीठ-तांदळाच्या डब्यांच्या वरच्या फळीवर एक काळा डबा घूं घूं करत असतो आणि सगळ्या बाया त्याला ‘ममतानी पेटी’ म्हणतात. घरातल्या वायफायला फोन जोडला की पेटीतली गाणी ऐकू येतात, मुलांची पाठ्यपुस्तकं दिसतात, आणि नेट असो वा नसो, पेटीला त्याचं सोयरसुतक नाही.

हे वेड तिला लग्नानंतर लागलं. नवरा नवनीत याचं ठिबकच्या नळ्यांचं दुकान. तिथला हिशेबाचा कॉम्प्युटर म्हातारा होऊन कण्हायला लागला तेव्हा नवनीत तो भंगारात द्यायला निघाला होता. ममता आडवी आली. पेनड्राइव्हवरून त्यात लिनक्स हे फुकट मिळणारं, खुलं सॉफ्टवेअर घातलं, तीनदा बिघडवलं, चौथ्यांदा चाललं, आणि त्याचीच ही पेटी झाली. इंग्रजी तिचं बेताचंच, पण नेटवर परदेशातल्या कुणा अनोळखी माणसानं लिहिलेलं उत्तर अक्षर अक्षर लावून वाचायचं आणि काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची, यात तिला पुरणपोळी न फाटता उलटल्याचा आनंद होई. “फुकटनं शे, म्हनीसन इतलं वेड?” असं नवनीत चिडवायचा. ती म्हणायची, “फुकटनं नही. उघडं शे. झाकन काढीसन आत देखता येस.”

पेटीत सगळ्यात मोलाचं काय होतं, तर तिची सासू धनुबाई यांचा आवाज. कानबाई ही खानदेशची देवी, आणि तिच्या गाण्यांत धनुबाईंचा हात धरणारं भाऊबंदकीत कुणी नव्हतं. दरवर्षी श्रावणात कानबाई बसली की गाणं उचलायच्या त्याच, बाकीच्या नुसत्या मागून ओढायच्या. ममता लग्न होऊन आल्यापासून ती गाणी मोबाइलवर घेत आली होती. ते मोबाइल मेले, गाणी पेटीत आली. मग गेल्या थंडीत धनुबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. समजायचं सगळं, बोलता काही येत नव्हतं. तेव्हा ममतानं ठरवलं, यंदा पेटीतली गाणी बायांनी ऐकून बसवायची आणि सासूबाईंसमोर, तिच्या मायसमोर, म्हणायची. कानबाई मुकी जाऊ द्यायची नाही.

आता घात कसा झाला ते ऐका. कानबाईच्या आधी खानदेशात घर असं धुतात की भिंतीसुद्धा लाजतात. डबे खाली, गोधड्या गच्चीवर, रंगाऱ्याची शिडी दारात. ममतानं गुरुवारी सगळं घर झाडलं, आणि हात थांबेना म्हणून पेटीही झाडायला घेतली. देवी येणार, तर पेटीत अडगळ कशाला? ‘जुनं’ नावाचा एक कप्पा दिसला. ‘गाणी’ नावाचा वेगळा कप्पा होताच, त्यात सगळी नावं दिसत होती. तिनं ‘जुनं’ उडवला. पण ‘गाणी’मध्ये होत्या नुसत्या पाट्या, माल सगळा ‘जुनं’मध्ये. तिनंच कधीकाळी सोय म्हणून तसं मांडलं होतं आणि ती स्वतःच विसरली होती!

पेटीत दुसरी डिस्क होती, पहिलीची हुबेहूब नक्कल ठेवणारी. हे कामही तिनंच लावून दिलेलं, रोज दिवेलागणीला आपोआप होणारं. त्या संध्याकाळी पेटीनं इमानेइतबारे पाहिलं की पहिलीत गाणी नाहीत, आणि दुसरीतूनही काढून टाकली. इतकी आज्ञाधारक सून कुठल्या सासूला मिळाली नसेल.

शुक्रवारी सकाळी धाकटी जाऊ रंजिता हिचा पुरुषोत्तमनगरहून फोन आला. “ताई, कानबाईले वाटे लावानं गानं धाडा ना. मी पाठ करी लेस.”

ममतानं त्या निरोपाच्या गाण्याच्या नावावर बोट ठेवलं. आवाज नाही. दुसऱ्यावर ठेवलं. नाही. तिसऱ्यावर ठेवलं. तेही नाही. तिनं धावत जाऊन पेटीची पिनच काढली.

“काय करी ऱ्हायनी तू?” नवनीतनं विचारलं.

“मायना गाना गयात. मीच टाकात.” एवढं बोलून ती रडली. पण रडणं तिनं पदरानं पुसलं तेही घाईघाईनंच, कारण डोकं चालायला लागलं होतं. एसटीत कंडक्टरच्या कागदावर सीटांची नोंद असते ना? कागदावर कुणी ‘मोकळी’ लिहिलं म्हणून सीटवरचा माणूस उठत नाही, दुसरा येऊन बसेपर्यंत तो तिथंच असतो. डिस्कचंही तसंच. पुसलेली फाइल जागेवरच असते, फक्त जागा मोकळी म्हणून लिहिलेली असते. तेव्हा नवा उतारू चढता कामा नये. पेटी बंद, तर गाडी बंद.

सापडेल ते ठेवायला मात्र वेगळी डिस्क हवी होती. ती होती रंजिताकडे, तिच्या लग्नाच्या व्हिडिओची. रंजिता पहिल्या एसटीनं आली खरी, पण पिशवी छातीशी धरून. “तुमनी पेटीनी मन्हं लगीन बी गिळी टाकं तं?”

“आत काय शे, त्याले हात लावाव नही,” ममता म्हणाली. “रिकामी जागा फक्त दे. अन् चुकनं तं तुन्हं लगीन मी परत लावसू.” रंजिताला हसू आलं आणि पिशवी सैल झाली.

ममतानं दुकानातला पडदा आणून पेटीला जोडला, ती तिच्या स्वतःच्या डिस्कवरून नव्हे, पेनड्राइव्हवरून चालू केली आणि हरवलेल्या फायली हुडकणारं एक मुक्त सॉफ्टवेअर नक्कल डिस्कवर सोडलं. ते डिस्कचा कण न् कण चाळत पुढे सरकू लागलं. नेमकी वीज गेली. आली, पुन्हा चालू केलं, पुन्हा गेली. नवनीत उठला आणि दुकानातला इन्व्हर्टर टेम्पोत घालून घरी घेऊन आला. चिडवणारा माणूस असा वेळेला उभा राहतो, म्हणून तर संसार टिकतात.

मोठ्या चुलतसासू भिकाबाई आल्या आणि त्यांनी कपाळाला हात लावला. “देवनं काम सोडीसन डबापुढे काय बठनी तू, ममता? गहू कोन निवडी?”

“हाई बी देवनंच काम शे, काकू,” ममता म्हणाली, आणि सूप पुढ्यात ओढून गहू निवडत निवडतच पडद्याकडे बघत राहिली. तिथून ती हलली नाही.

शनिवारी गाणी सापडली. पण कशी? एकालाही नाव नाही, नुसते आकडे. नावं होती ती पाट्यांवर, आणि पाट्यांना माल नाही. कुणाचं नाव कुणाला, हे कोणतं मशीन सांगणार? ममतानं धनुबाईंची खुर्ची मधोमध आणली, भाऊबंदकीतल्या बाया भोवती बसल्या. नैवेद्याच्या रोटाचं पीठ मळता मळता एकेक गाणं वाजू लागलं. बाया नाव सांगायच्या आणि धनुबाईंकडे बघायच्या. बरोबर असलं तर त्या डावा हात मांडीवर थापटायच्या. चुकलं तर असं काही बघायच्या की सांगणारी पुन्हा पिठात तोंड घालायची. स्वतःचाच खणखणीत आवाज ऐकताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं, पण थाप चुकत नव्हती.

शेवटी वाटे लावण्याचं गाणं लागलं आणि मध्येच तुटलं. पुढचं मिळालंच नाही, त्या जागेवर दुसरा उतारू बसून गेला होता.

“पुढे गोमाई नदी येस,” रंजिता म्हणाली.

“पहिले वेस, मंग नदी,” भिकाबाई कडाडल्या. “नदीवर काय उडीसन जाई कानबाई?”

भांडण जुंपलं. ममतानं ते थांबवलं नाही, उलट फोन मधोमध ठेवून सगळं रेकॉर्ड करायला लावलं. कुणाला वेशीची ओळ आठवली, कुणाला नदीकाठच्या झाडाची. धनुबाईंचा हात थापटत होता, थांबत होता, पुन्हा थापटत होता. पीठ मळून झालं तेव्हा गाणंही जुळलं होतं. सोमवारी कानबाई डोक्यावर घेऊन बाया गोमाईकडे निघाल्या, तेव्हा तेच गाणं सगळ्यांनी मिळून उचललं. धनुबाई दारातल्या खुर्चीत बसून आवाज लांब जाईपर्यंत ऐकत राहिल्या.

त्या वर्षी भाऊबंदकीतल्या घरोघरी रोटाबरोबर एकेक पेनड्राइव्ह गेला. एकाच पेटीतल्या दोन डिस्का म्हणजे एकाच घरातले दोन दरवाजे, घर गेलं की दोन्ही जातात, हे ममता शिकली होती. आणि पेटीत तिनं एक छोटीशी आज्ञा लिहून ठेवली. आता काहीही पुसायला गेलं की पेटी आधी अहिराणीत विचारते, “मायले इचारं का?” आणि ‘हो’ लिहिल्याशिवाय पुढे जात नाही.

दिवाळीच्या आधी ममता पुन्हा आवराआवरीला बसली. वाटे लावण्याच्या गाण्याचं पूर्ण, बायांनी म्हटलेलं रेकॉर्डिंग आता होतं. मग ते जुनं तुटकं, अर्ध्यात थांबणारं कशाला? तिनं ते पुसायला घेतलं. फोनच्या पडद्यावर प्रश्न आला. ‘हो’ लिहायला तिची बोटं पुढे झाली. पण प्रश्न आपणच लिहिलेला, मग त्याचा मान आपणच राखायला नको?

ती उठली, आतल्या खोलीत गेली आणि खाटेजवळ खाली बसली. “माय, ते तुटेल गानं शे ना, वाटे लावानं. आते पुरं शे आपलाकडे. अर्धं टाकी देऊ का?”

तिनं उत्तरासाठी धनुबाईंच्या डाव्या हाताकडे बघितलं. हात हलला नाही. ओठ मात्र हलले. वाकडे झाले, थांबले, पुन्हा हलले, आणि इतक्या महिन्यांनी त्यातून आवाज आला. जड होता, पण त्यांचाच होता.

“ऱ्हाऊ दे,” धनुबाई म्हणाल्या.