नळीवरच्या सहा खाचा

ती रायफल अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. पॉइंट टू टू बोअरची, देखणी, आणि नळीवर बाहेरच्या अंगाने लांबच लांब सहा खाचा पाडलेली.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी सब-इन्स्पेक्टर होतो आणि मढ आमच्या हद्दीत यायचं. वर्सोव्याहून तरीने पलीकडे उतरलं की वाळत्या बोंबलांचा वास यायचा. आमचे हवालदार नाक दाबायचे, मला मात्र तो आवडायचा. तरीवरच्या त्या गप्पा, उतरल्यावर मिळणारा तो काळा चहा, सगळ्याची आज फार आठवण येते.

तिथल्या एका बंगलेवाल्याच्या रायफलीची गोळी बोंबील वाळत घालणाऱ्या एका कोळणीच्या मांडीत घुसली. बंगलेवाला स्वतःच ठाण्यात आला, सोबत परवाना आणि वकील. जबाबही तयार होता. "बाटलीवर नेम धरला होता. एकच गोळी झाडली. वजन कमी व्हावं म्हणून मुलुंडच्या एका टर्नरकडून नळीवर खाचा पाडून घेतल्या होत्या. त्या अडाण्याने नळीच बिघडवली, गोळी भरकटली."

आम्ही रायफल आणि एकमेव रिकामं काडतूस सील केलं. संध्याकाळी त्या कोळणीचा दीर ठाण्याच्या मागच्या दाराशी येऊन उभा राहिला.

"साहेब, गोली भरकटली नाय. आदल्या दिशी तो वासावरून वहिनीशी भांडला व्हता. बोंबील हटव, नायतर बघतो, बोलला. ती घाबरलीय, सांगाची नाय."

दुसऱ्या दिवशी मी मुलुंड गाठलं. टर्नर मालवणकडचा, पन्नाशीचा. विक्रोळीच्या कारखान्यात उमेदीची वर्षं घालवून स्वतःचा छोटा गाळा काढलेला. शस्त्राच्या कामाला परवाना लागतो, तो त्याच्याकडे नव्हता. 'असली नळी मी पाहिलीच नाही' एवढं म्हटला असता तर मी हात हलवत परत आलो असतो.

"तुझ्या कामामुळे एका बाईला गोळी लागली, असं मालक सांगतोय," मी म्हटलं.

"अवो, तुमी गप रवा बघू," बायको मागून म्हणाली.

तो चिंध्यांना हात पुसत राहिला. मग म्हणाला, "सायबानू, काम माझाच आसा. त्येणी परवानगी आसा म्हणून सांगल्यान. पण खाचेत खोट गावली तर माझो हात तोडा. दोन दिसांनी तो मालकच पेढे घेवन इलो होतो. माका म्हणालो, नेम पयल्यासारखोच लागता."

मला हवं होतं ते हेच. नेम बिघडलेला नाही हे मालकाला ठाऊक होतं. पण त्या जबाबाखाली सही म्हणजे टर्नरच्या स्वतःच्या गुन्ह्याची कबुली. मी ते त्याला स्पष्ट सांगितलं. बायको रडायला लागली.

"आणि सही नाय केलंय तर?" टर्नरने विचारलं.

"मालकाचा शब्द कागदावर तसाच राहील."

त्याने सही केली.

प्रयोगशाळेतल्या तज्ज्ञांनी रायफल शिकंज्यात आवळून लागोपाठ दहा गोळ्या झाडल्या. ते मला म्हणाले, "खाचा कमीजास्त खोल पडल्या तर नळी तापल्यावर वाकते आणि गोळ्या सरकू लागतात. थंड नळीतली पहिली गोळी मात्र सहसा आपल्या जागीच जाते. इथे तर तापल्यावरही काही फरक नाही." समोरच्या कागदावरची दहाही भोकं बाटलीच्या एका बुचाखाली झाकली जात होती.

बंगलेवाल्याला पुन्हा बोलावलं. आवाज चढवला नाही. अहवाल समोर ठेवला आणि विचारलं, "टर्नरला पेढे कशाचे दिलेत?" तो पाणी प्यायला. मग पुटपुटला, "नुसतं घाबरवायचं होतं. तिच्या बोंबलांच्या पाटीवर नेम होता." पाटी तिच्या मांडीला टेकवलेली होती, हे त्याला दिसत नव्हतं असं थोडंच आहे?

त्याला शिक्षा झाली. कोळणीचा पाय बरा झाला, थोडी लंगडत चालायची. आणि टर्नरविरुद्धचे कागद मीच तयार केले. कायद्याने दुसरी वाट नव्हती, असं मी मनाला बजावलं. त्याला दंड झाला. खरं बोलणाऱ्यालाच मी पिंजऱ्यात उभं केलं, ही खंत निवृत्तीनंतरही गेलेली नाही.

त्या खटल्याने मला एक शिकवलं. माणूस कातडी वाचवायला हवं तेवढं खोटं बोलतो, पण हातच्या कामाबद्दल त्याच्याच्याने खोटं बोलवत नाही. पुढे कित्येक चौकशांत मी आधी धंद्याचं विचारलं आणि मगच गुन्ह्याचं.

कोर्टाबाहेर टर्नर माझ्याकडे आला. शिव्या देईल असं वाटलं, दिल्या असत्या तर मी ऐकूनही घेतल्या असत्या. त्याने विचारलं, "त्या इंग्रजी कागदात माझ्या कामाचा काय लिवलाहा?"

मी प्रयोगशाळेचा अहवाल काढून मराठीत वाचून दाखवलं, "खाचांमुळे नेमात कोणताही फरक पडलेला नाही."

"आणखी एकदा वाचा," तो म्हणाला आणि बायकोला पुढे बोलावलं.