बुडवता आले असते असे दोन दिवस

ग्लिवित्सेच्या कर्करोग रुग्णालयात बोग्ना गाठींचं गणित मांडायची. गाठ किती वेगानं वाढते, किरणं दिल्यावर किती पेशी मरतात, उरलेल्या किती जोमानं पुन्हा फोफावतात, हे समीकरणांतून काढून ती डॉक्टरांना सांगे. मग तिच्या थोरल्या भावाच्या, अलोइझीच्या, घशातच गाठ निघाली.

अलोइझीचा जन्म कोळशाच्या खाणीत गेलेला. रोज किरणं घेऊन झाली की तो बहिणीच्या टेबलाशी टेकायचा. चौथ्या आठवड्यात म्हणाला, "तिकडे लांब ग्दान्स्कला माझ्या पोरीचं, युदिताचं लग्न आहे. गुरुवार-शुक्रवारची किरणं बुडवतो मी."

"अजिबात नाही, दादा." तिनं संगणकावरची रेघ दाखवली. "आत्ता खंड पडला की उरलेल्या पेशी उसळी मारतात. हे बघ, इथून."

"ही माझी गाठ आहे?"

"तुझ्यासारख्या शेकडो जणांची मिळून."

"मग त्यातलाच एखादा पाठव की, मुलीचा बाप म्हणून," तो बसक्या आवाजात म्हणाला. पण गेला नाही. गणितातलं बोग्नाचं त्यानं लहानपणापासून ऐकलेलं.

युदितानं बापासाठी लग्नातला 'कोलाच' नावाचा गोड पाव पाठवला. दुधात बुडवूनही तो त्याला गिळवेना.

वर्षभरात गाठ उलटली आणि हिवाळ्यात अलोइझी गेला. दफन आटोपून परतताना त्याच्यावर उपचार केलेले डॉक्टर शेलिगा सहज म्हणाले, "लग्नाला का नाही गेला तो? पुढचे दोन दिवस सकाळ-संध्याकाळ किरणं देऊन भरून काढलं असतं. तुमच्याच गणितावरून तर करतो आपण."

बोग्नाला हे ठाऊक नव्हतं थोडंच! परक्या माणसाला तिनं तेच सुचवलं असतं. भावाच्या बाबतीत तिची छाती झाली नव्हती, आणि भीती वाटतेय म्हणायचं सोडून तिनं त्याला रेघ दाखवली होती.

ईस्टरला ती ग्दान्स्कला गेली आणि भाचीला सगळं सांगून टाकलं.

"लग्नाला आले असते तर बाबांचा आजार वाढला असता का, आत्या?"

"आला असता तरी फारसा फरक पडला नसता. दोन दिवस भरून काढता आले असते. मी डॉक्टरांना तसं सुचवलंच नाही."

"बाबांना कळलं होतं हे?"

"नाही."

युदितानं टेबलावरच्या बशा उचलल्या आणि एकेक करून धुवायला घेतल्या. राहा म्हणाली नाही. बोग्ना संध्याकाळच्या गाडीनं परतली.