विल्मोथ फ्रेटने घेतलेली होडी

कॅरिबियनमधल्या टॉर्टोला बेटावरच्या फ्रेट घराण्यात स्वतःची होडी नसलेला पुरुष एकच झाला, तो विल्मोथ. आजोबांनी तीन बांधल्या, वडिलांनी दोन. धाकट्या भावाने एक बांधली आणि बुडवलीही, पण बुडेपर्यंत ती त्याची होती. विल्मोथने मात्र चाळीस वर्षं सी काऊज बेच्या गोदीत परक्यांच्या होड्या दुरुस्त केल्या. पाहुण्यांना आठवड्याच्या भाड्याने जाणाऱ्या शिडाच्या कॅटमरान, सगळ्या पांढऱ्या, सगळ्या सारख्या. दोन बाजूंना दोन लांबट अंगं, त्यांना जोडणारी बसायची खोली, वर डोलकाठी. त्यांच्यावरून हात फिरवता फिरवता त्याचे केस पिकले आणि गुडघे कामातून गेले.

दरवर्षी होड्यांच्या शर्यतीच्या आदल्या रविवारी पाळकसाहेब होडीवाल्यांना एकेकाचं नाव घेऊन वेदीपाशी बोलावतात आणि त्यांच्या डोक्यावर हात ठेवतात. फ्रेट हे नाव पुकारलं की भाऊ उठायचा, पुतणे उठायचे. विल्मोथ बसून राहायचा. त्याची बायको यूलालिया त्या वेळी त्याच्याकडे बघायची नाही. भजनाच्या वहीचं एखादं पान नीट करत बसायची.

मग ते मोठं वादळ आलं. घरांची छपरं गेली, डोंगर झाडांविना तपकिरी झाला आणि गोदीतल्या कॅटमरान एकमेकींवर चढून बसल्या, कुणीतरी सुपातून ओतल्यासारख्या. विमेवाले आले, त्यांनी प्रत्येकीवर तांबडी फुली मारली आणि ज्याला हव्या त्याला विकायला काढल्या. अट एकच. आहे तशी, आहे तिथे, मागाहून तक्रार नाही.

"तू घेणार म्हणे?" त्याच्याबरोबर रंगकाम करणारा कार्लटन म्हणाला. "अरे म्हाताऱ्या, तुला शिडी चढवत नाही. डोलकाठीवर काय यूलालियाला चढवणार?"

"ती चढेल. तुझ्या बायकोसारखी नाही ती."

"माझी बायको चढली तर डोलकाठी राहायची नाही, ते खरं."

विल्मोथने सतरा होड्या पाहिल्या. त्याची पद्धत बापाची. वीतभर लांबीची लाकडी हातोडी घ्यायची, बोटभर अंतरावर ठोकत जायचं आणि डोळे मिटून ऐकायचं. अंग निरोगी असेल तर खणखणीत वाजतं, आत पाणी मुरलं असेल तर भदभद. लोक यंत्रं घेऊन यायचे, तो कान घेऊन आला. सतरावीची डोलकाठी मोडून पडलेली होती, सुकाणू गेलं होतं, एका कुशीला माणूस आत जाईल एवढं भोक होतं. पण बाकी दोन्ही अंगं टोकापासून टोकापर्यंत खणखणीत वाजली. भोक काय, भोक त्याला आठ दिवसांचं काम.

आत शिरून त्याने पलंगाखालची फळी उचलली. दोन अंगांना धरून ठेवणारी आडवी भिंत तिथे अंगाला चिकटते. कधीतरी जुनी दुरुस्ती झालेली दिसत होती. कड अशी गुळगुळीत की बोटाला सांधा लागेना. विल्मोथने बराच वेळ अंगठा फिरवला. "हे ज्याने केलंय ना," तो कार्लटनला म्हणाला, "त्याला काम येतं." आणि त्या जागेवर त्याने हातोडी मारली नाही. चांगल्या कारागिराच्या कामावर ठोकून बघणं म्हणजे त्याचा अपमान, असं फ्रेट लोक मानतात.

गोदीने निवृत्तीला म्हणून जे दिलं होतं ते सगळं तिच्यात गेलं. यूलालियाने विरोध केला नाही. तिने एवढंच विचारलं, "प्रार्थना केलीस का?"

"केली."

"उत्तर ऐकायला थांबलास का?"

तो हसला. ती हसली नाही.

चार महिने तो राबला. भोक बुजवलं, एका फुटक्या होडीचं सुकाणू काढून हिला बसवलं, अँटिग्वाहून जुनी डोलकाठी आणली. यूलालिया दुपारी फंगी म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड आणि उकडलेला मासा डब्यातून घेऊन यायची आणि सावलीत बसून शिडाच्या फाटलेल्या कडा शिवायची. शर्यतीला सहा आठवडे उरले होते. पाळकसाहेबांनी रस्त्यात त्याला थांबवून सांगितलं होतं, "फ्रेट, या वर्षी नावं वाचताना मला एका नावाचा दम जास्त लागणार."

डोलकाठी उभी करून तिचे तारेचे दोर ताणले त्या दिवशी आतून कर्रकन आवाज आला. विल्मोथने दार ओढून पाहिलं तर ते चौकटीत अडकलं होतं. दोर सैल केले, दार उघडलं. पुन्हा ताणले, पुन्हा अडकलं. होडी पिळवटत होती. दोन अंगं निरोगी आणि त्यांना धरणारं आत काही नाही.

तो पलंगाखाली उतरला आणि त्या गुळगुळीत कडेवर पटाशी लावली. फायबरचा एकच पातळ थर खपलीसारखा उचकटून आला. मागे नुसती लांबी भरलेली, भिंतीच्या भेगेत, घराच्या भिंतीला लावतात तशी. लांबी खरवडली तेव्हा आतली प्लायवुडची भिंत दिसली, काळी पडलेली, बोटाने खोदता येईल इतकी कुजलेली. एवढ्याशा कोरड्या तुकड्यावर पेन्सिलीने काढलेला लहानसा क्रूस होता, खाली तारीख, आणि डब्ल्यू. एफ.

फ्रेट लोक कुठलंही काम बंद करण्याआधी आत क्रूस काढतात आणि आपली अक्षरं घालतात. बघायला कुणी येणार नसतं, देवाने बघावं एवढंच.

तारीख अकरा वर्षांपूर्वीची, ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यातला गुरुवार. त्याला सगळं आठवलं. ही होडी तेव्हा खडकावर बसली होती. तिचं नाव वेगळं होतं, पट्टे निळे होते. कंपन्या होड्या विकतात, नवीन मालक नाव बदलतो, पट्टे बदलतो. भिंत सुटली आहे, सगळं अंग उघडावं लागेल, महिना लागेल, असं त्याने मुकादम रायमरला सांगितलं होतं. "शनिवारी पाहुणे येतायत," रायमर म्हणाला होता. "बंद कर. तुझ्याइतकं सुबक कुणाला जमतं?" आणि त्याने बंद केलं होतं. त्यावर क्रूसही काढला होता. अशी कामं किती केली ते त्याने कधी मोजलं नव्हतं.

रायमर आता गोदीचा व्यवस्थापक झाला आहे. तो येऊन वाकून बघून गेला. "उघडायची म्हटलीस तर होडीच्या किमतीपेक्षा जास्त लागेल," तो म्हणाला. "त्यापेक्षा परत लांबी भर, रंग मार. सेंट व्हिन्सेंट बेटावरचं एक जोडपं आलंय, प्रवासी नेण्याचा धंदा करायचाय त्यांना. तुझे पैसे सुटतील, एखादी लहानशी धड होडी घे. शर्यतीआधी पाण्यात असशील."

"आणि ते?"

"ते काय? मागाहून तक्रार नाही. तुला कुणी सांगितलं होतं?"

त्या संध्याकाळी यूलालियाने ऐकून घेतलं. "मी काही बोलणार नाही," ती म्हणाली. "मी बोलले तर उद्या म्हणशील, बायकोमुळे होडी गेली."

ही होडी अशीच गेली तर पुन्हा दुसरी होणार नव्हती, हे दोघांनाही माहीत होतं.

जोडपं आलं. डेव्हॉन नावाचा तिशीचा मुलगा, त्याची बायको जोनेल, तिच्या कडेवर झोपलेली मुलगी. विल्मोथने त्यांना पलंगाखाली नेलं, विजेरीचा उजेड पाडला. "हे माझं काम आहे," तो म्हणाला. "हे खोटं आहे. घेऊ नका."

डेव्हॉन त्याच्याकडे वळला. "काका, तुम्हाला विकायची नसेल तर तसं सांगा ना."

दुसऱ्याच आठवड्यात रायमरने त्यांना त्याच रांगेतली दुसरी विकली. विल्मोथ ती जवळून बघून आला. डाव्या अंगात तशीच कड, तशीच गुळगुळीत. या वेळी त्याने हातोडी मारली, आणि ती भदभद वाजली. तो डेव्हॉनकडे गेला. "फळी काढ आणि उकरून बघ. आत माझी अक्षरं सापडतील."

"काका," डेव्हॉन शांतपणे म्हणाला, "तुमची बिघडली म्हणून माझ्या होडीला नावं ठेवू नका. रायमरसाहेबांनी सांगितलं होतं, तुम्ही असं काहीतरी म्हणाल."

जोनेलने मुलीच्या डोक्यावर पदरासारखा रुमाल ओढला आणि पुढे चालू लागली.

विल्मोथ कस्टममध्ये गेला, बंदराच्या कचेरीत गेला. तिथे त्याला विचारलं, लेखी काही आहे का. त्याच्याकडे पेन्सिलीचा एक क्रूस होता, तोही स्वतःच्याच होडीतला. सोमवारी गोदीतून निरोप आला, महिनाअखेर जागा रिकामी करा, नाहीतर यंत्र लावून होडी तोडू. यंत्र नको, मी स्वतः कापीन, एवढंच त्याने परत कळवलं.

शर्यतीच्या आदल्या रविवारी डेव्हॉनच्या होडीलाही आशीर्वाद मिळायचा होता. यूलालिया टोपी घालून दारात थांबली. "चल," ती म्हणाली. "बाकावर बस. आत्तापर्यंत बसलास तसा."

"बसण्याचं काही नाही. पाळक त्या पोराच्या डोक्यावर हात ठेवतील तेव्हा सगळ्यांबरोबर आमेन म्हणावं लागेल."

ती एकटी गेली. जन्मात पहिल्यांदा त्याने रविवारी हत्यार हातात घेतलं. गोदीत कुणी नव्हतं. होडीखाली गुडघे टेकता येईनात म्हणून तो कुशीवर आडवा झाला आणि लांबी भरून ती पुन्हा कुणाला विकता येऊ नये अशी, जिथे अंग निरोगी होतं तिथूनच, त्याने करवत चालवायला सुरुवात केली.