फेटा चुकवणारा मुंजाजी

ढाकेवाडीचा मुंजाजी लग्नात पंगतीला बसायचा नाही. वाढप्यांत घुसायचा, भाताची परात कमरेवर घ्यायचा आणि सगळी पंगत उठली की चुलीमागं उभ्या उभ्याच चार घास गिळायचा. नवख्या पाहुण्यांना वाटायचं, काय कष्टाळू माणूस आहे. कष्टाळू तो होताच, पण ते कारण नव्हतं. त्याला फेट्याचं भय होतं.

ढाकेवाडी केजच्या आसपासचं गाव. निजामाचं राज्य, तहसिलीत उर्दूचा कारभार, गावात मोहनराव पाटलाचा. फक्त मारुतीपुढच्या मैदानात हुतुतूचं राज्य होतं, आणि तिथं पाटलालाही रेघेच्या बाहेर उभं राहावं लागायचं. पाटलाच्या हाती एवढंच होतं, की एखाद्या गड्याचं अंग थकलं म्हणजे त्याला मानाचा फेटा बांधायचा. फेटा डोक्यावर चढला की खेळ संपला. मग त्या माणसानं जन्मात पुन्हा रेघ ओलांडायची नाही. घोंगडीवर बसून पान खायचं आणि खेळणाऱ्यांना नावं ठेवायची. जुन्या लोकांनी एकच अट घालून ठेवली होती: फेटा बसलेल्या माणसालाच बांधायचा. उभ्याला बांधला तर तो मान नव्हे, जबरदस्ती. अट घालणारे शहाणे होते. त्यांना ठाऊक असणार, की मान देतो म्हणून माणूस बाजूला सारायची युक्ती मोठ्या लोकांना फार लवकर सुचते.

मुंजाजी चढाईचा गडी नव्हता. चढाई राधाकिशनची. राधाकिशन अंगानं वेलासारखा, पण हुतुतू म्हणत पलीकडं घुसला की खारीसारखा चौघांना शिवून परत. असल्या गड्याला समोरचे धरायला बघत नाहीत, मोडायला बघतात. कुणी त्याच्या बरगडीत कोपर घातलं, कुणी पायावर पाय दिला, की मुंजाजी काही बोलायचा नाही. तो माणूस चढाईला येईपर्यंत वाट बघायचा आणि मग त्याला असा कवटाळायचा, की बाहेर गेल्यावर गडी आधी स्वतःचं नाव आठवायचा. गावोगाव लोकांना कळून चुकलं होतं, राधाकिशनला लावलेलं बोट मुंजाजीकडं जमा होतं.

हे काम फुकट होत नाही. नाक पहिल्यांदा मोडलं तेव्हा मुंजाजीला मिसरूड फुटत होतं. दुसऱ्यांदा मोडलं ते उलट्या बाजूनं, म्हणून सरळ झालं असं तो सांगायचा. डावा कान चुरगळून वाळल्या अंजिरासारखा झाला. करंगळी बाहेरच्या बाजूला वळली ती वळलीच. भाकरी मोडताना ती एकटीच वेगळ्या दिशेला बघायची. गुडघा हवा बदलली की कुरकुरायचा. त्याची बायको बायनाबाई पोरांच्या जन्माचे हिशेब यावरच ठेवायची: थोरली दुसऱ्या नाकाच्या साली, मधला बरगडीच्या. तो अंथरुणाला खिळला की सगळे गडी आपापले बैल घेऊन त्याच्या रानात इर्जिकीला यायचे, नांगरट करून द्यायचे आणि बदल्यात बायनाबाईच्या हातच्या पोळ्या फस्त करायचे. खाटेवरून मुंजाजी ओरडून नांगराचं तास वाकडं गेल्याचं सांगायचा. ते दिवस घरात सणासारखे जायचे.

हाडं बसवायची चंद्रभागाबाई. तिच्या घरी आंबेहळदीचा लेप आणि बांबूच्या कांबी कायम तयार. मुंजाजी दिसला की ती आधी विचारायची, आता काय नवीन आणलंस. पण चौसाळ्याच्या सटवानं त्याला खांद्यावर घेऊन आपटलं, उजवा खांदा निखळला, तेव्हा म्हातारी हसली नाही. खांदा बसवला, पण सांगितलं, की आता हा खुंटीवरच्या सदऱ्यासारखा आहे, वारा आला तरी पडेल.

हे पाटलाच्या कानावर गेलं. पाटलाचा भाचा रामहरी तूप पिऊन तयार झाला होता आणि त्याला संघात जागा पाहिजे होती. पाटलानं केजच्या बाजारातून गुलाबी फेटा आणला आणि जाहीर केलं, की मुंजाजीनं गावासाठी लई सोसलं, आता त्याचा मान करायचा. घोंगडीच पाहिजे असं नाही, कुठं बसलेला सापडला तरी चालेल, असा अर्थही त्यानंच लावला. तेव्हापासून मुंजाजी आपल्या उंबऱ्याच्या आत काय तो बसायचा. बाहेर पारावर उभा, बाजारात उभा, न्हाव्याकडंसुद्धा उभा. न्हावी बुटका होता, त्यानं शेवटी पाट मागवून त्यावर चढून हजामत केली.

एवढं सगळं कशासाठी, असं बायनाबाईनं एकदा विचारलं. तिला वाटत होतं, पुरे झालं आता, एक तरी हात जागेवर राहू दे.

"खेळ सोडायला मी कुटं न्हाई म्हन्तोय," मुंजाजी म्हणाला. "पन माझी हाडं मी मोडून घेतली. थांबायचं कवा, ते बी मीच ठरवनार. ते पाटलानं कावून ठरवायचं?"

बायनाबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "मग बसू नगा," ती म्हणाली. त्या दिवसापासून बाहेर कुणी त्याला पाट सरकवला तर तीच पायानं लांब ढकलायची.

चैत्रात चौसाळ्याची जत्रा आली. ढाकेवाडी आणि चौसाळा यांचा सामना ठरलेला. पाटलानं मनाशी ठरवलं, की बैलगाडीत कुठं जातो, बसावंच लागेल; वाटेतच फेटा उरकून टाकू. गाड्या जुंपल्या. मुंजाजी चढला आणि मधोमध उभा राहिला. वाटेतल्या गावांतले लोक बघायला धावले. गाडी दगडावरून उसळली की तो निखळत्या खांद्याला डाव्या हातानं धरायचा आणि बाकीचे गडी त्याच्या पोटऱ्या धरून बसायचे, देवाचा मुखवटा धरावा तसे. गाडीवानानं बैलांना मुद्दाम खड्ड्यातून घातलं, तर मुंजाजीनं त्याला एवढंच विचारलं, की तुला पाटील किती दिवस सांभाळणार आहे आणि मी रोज पाणवठ्यावर भेटणार आहे. पुढची वाट एकदम सपाट झाली. रात्रीच्या मुक्कामाला तो सरळ आडवा झाला. आडवा म्हणजे बसलेला नव्हे, हे पाटलालाही कबूल करावं लागलं.

चौसाळ्याच्या मैदानावर माणसांची भिंत उभी होती. पंच म्हणून एक म्हातारा जमादार, त्याच्या मिशा पाहूनच लोक अर्धे गप्प. मुंजाजीच्या खांद्याचं कारण पुढं करून पाटलानं रामहरीला मैदानात पाठवलं. मुंजाजी रेघेच्या बाहेर खुंटासारखा उभा. त्याच्यामागं पाटील, काखेत फेटा.

खेळ सुरू झाला आणि पहिल्याच चढाईत सटवानं राधाकिशनच्या पायावर सगळं वजन टाकलं. राधाकिशन लंगडत परतला. आता सटवाला जाब विचारायचा कुणी? रामहरीनं विचारला. सटवा चढाईला आला तसा रामहरीनं त्याला कमरेला धरलं, सटवा नुसता वळला, आणि पाटलाचा भाचा भज्यांच्या पालासमोर जाऊन पडला. उठला तो गुडघा धरूनच. मामाकडं न बघता म्हणाला, की मला बदली द्या.

गडी सगळे मुंजाजीकडं बघायला लागले. पाटील आभाळाकडं.

मुंजाजीनं पाटलाला विचारलंही नाही. चंद्रभागाबाई जत्रेला आली होती. तिच्यापुढं जाऊन उभा राहिला. म्हातारीनं शिव्या देत देत धोतराच्या पट्टीनं त्याचा उजवा हात छातीशी घट्ट बांधून टाकला. एका हाताचा मुंजाजी रेघ ओलांडून आत आला तेव्हा चौसाळ्याचे लोकसुद्धा ओरडले, कारण भांडण चांगलं रंगणार होतं.

सटवानं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "अर्धाच आलास का बे?"

"तुला अर्धा बी लई होतो," मुंजाजी म्हणाला.

मग जो खेळ झाला, त्यात दोन्हीकडचे गडी ज्वारीच्या ताटांसारखे पडत गेले. शेवटी चौसाळ्याकडं सटवा एकटा जिता राहिला, ढाकेवाडीकडं लंगडा राधाकिशन आणि एकहाती मुंजाजी. सटवा दम भरून आला. हुतुतू, हुतुतू. त्याचा रोख राधाकिशनवर होता, म्हणजे मोडायच्या इराद्यानंच. तो झेपावला आणि मुंजाजीनं बाजूनं येऊन त्याच्या मांडीला डावा हात घातला. सटवानं झटकलं. खांदा पट्टीच्या आत कळवळला. सटवा त्याला फरफटत रेघेकडं न्यायला लागला. एका हातानं उभं राहून हा डोंगर थांबणार नाही, हे मुंजाजीला कळलं. मग त्याला एकच गोष्ट सुचली. सटवाचा पाय पोटाशी आवळून तो धाडकन खाली बसला.

आणि मागून आवाज आला. "बसला! बसला रे!"

सकाळपासून एकाच गोष्टीवर डोळा ठेवलेल्या माणसाला दुसरं काही दिसत नाही. मोहनराव पाटील काखेतला फेटा उलगडत रेघ ओलांडून आत धावत आला. फेट्याचं एक टोक त्याच्या हातात, दुसरं पायात. सटवा जोरात हुतुतू म्हणत होता, रेघेपासून हातभर लांब होता, आणि समोरून हा गुलाबी शेपटाचा पाटील येताना त्याला दिसला. त्यानं हसू दाबत हुतुतू चालूच ठेवलं. मान फिरवली. पण तेवढ्यात पाटलानं मुंजाजीच्या डोक्यावर पहिला वेढा टाकायला हात केला आणि चुकून सटवाच्याच गुडघ्याला वेढा घातला.

सटवा फुटला. असा हसला की त्याचं हुतुतू पार विरून गेलं. दम तुटला. जमादारानं हात वर केला, सटवा मेला, ढाकेवाडी जिंकली. मग जमादारानं पाटलाला दंडाला धरून रेघेबाहेर नेऊन सोडलं, आणि त्याला मुजरा करायचाही राहून गेला.

मैदानात दोघं तसेच पडले होते, एकमेकांत अडकलेले, हसून हसून डोळ्यांतून पाणी. हसताना खांदा दुखत होता आणि दुखला की मुंजाजीला जास्तच हसू येत होतं.

"तुझा पाटील आमाला दे," सटवा म्हणाला. "दरसाल आनत जा."

परतताना मुंजाजी गाडीत पाय पसरून ऐसपैस बसला. पाटील मागच्या गाडीत होता, आणि त्याच्या फेट्याबद्दल अवाक्षर काढायची कुणाची हिंमत नव्हती, खुद्द पाटलाचीसुद्धा.

त्यानंतरही मुंजाजी खेळला. बरगडी आणखी एकदा गेली. बायनाबाईच्या पोळ्या आणखी एकदा झाल्या. मग एका सुगीत, राधाकिशनच्या धाकट्या भावानं चढाईवरच्या एका दांडग्याला एकट्यानं लोळवलं, तेव्हा मुंजाजी बराच वेळ त्या पोराकडं बघत राहिला. दुसऱ्या दिवशी त्यानं चौसाळ्याला निरोप धाडला. सटवा आला. मुंजाजी आपल्या पायानं मारुतीपुढं गेला, घोंगडी स्वतः अंथरली आणि मांडी घालून बसला. फेटा सटवानं बांधला. सटवाचीही बोटं मोडलेलीच, त्यामुळं फेटा एका अंगाला घसरला आणि अंजिरासारख्या कानावर येऊन अडकला. गाव टाळ्या पिटत होतं. बायनाबाई पदर तोंडात धरून हसत होती, आणि मुंजाजी तिला खुणेनं विचारत होता, की कसा दिसतोय.