समुद्राचं मीठ आणि दशरथ मिस्त्रीची जीभ

आमच्या दुकानात पत्र्याचा एक जुना डबा होता. झाडताना सापडलेला आणि कोणत्या मशीनचा ते न कळलेला स्क्रू त्या डब्यात जायचा. रोज एखादाच. पण एक दिवस पाहतो तर डबा दोन हातांनी उचलावा लागला! किश्शांचंही असंच होतं. घडतात तेव्हा कोणी लक्ष देत नाही. आता मित्र जमले की मी डबा उपडा करतो आणि दरवेळी त्यातून दशरथ मिस्त्रीच बाहेर पडतात.

दशरथ मिस्त्री म्हणजे माझे भाऊजी, थोरल्या बहिणीचे यजमान. पन्नास सालानंतरच्या त्या वर्षांत वर्ध्याला त्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं आणि मी तिथे त्यांच्या हाताखाली मिस्त्री होतो. पोट मशीनवर चालायचं, पण भाऊजींचं नाव झालं ते मासे धरायच्या रिळांमुळे. तेही समुद्रातल्या! आमच्या जिल्ह्यात समुद्र म्हणाल तर तो फक्त समुद्रपूरच्या नावात आहे.

*

पहिलं रीळ आणलं केळुसकर साहेबांनी. साहेब मूळचे मालवणकडचे, सरकारी नोकरीत बदली होऊन वर्ध्याला आलेले. मे महिन्यात आणि दिवाळीत गावी जायचे आणि खडकावर उभे राहून गळ टाकायचे. त्यांचा जुना गोरा अधिकारी विलायतेला परतताना त्यांना हे पितळी रीळ देऊन गेला होता. बोटभर दोरा सोडायचा म्हटला तरी आता ते फिरत नव्हतं. दोन घड्याळजींनी हात जोडले, म्हणून साहेब आमच्याकडे आले.

"हे काय आहे, माहीत आहे का?" साहेबांनी विचारलं.

भाऊजींनी रीळ हातात घेतलं, हुंगलं, कानाशी नेऊन हलवलं. आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते, पण चेहऱ्यावर तसं काही नाही.

"चाक आहे, मूठ आहे, दाते आहेत, अन् तेल मागून राह्यलं. म्हंजे आपलीच मशीन आहे साहेब. सुई तेवढी नाई."

"उघडता येईल?"

"उघडाले काय लागते? बसवाले लागते. ते बी येते."

आणि खरंच येत होतं. भाऊजींची एक पितळी परात होती. काढलेला पहिला भाग बाराच्या जागी, दुसरा एकच्या, असं घड्याळासारखं मांडत जायचे आणि बसवताना उलटे फिरायचे. त्या परातीला हात लावायची मुभा माझ्या बहिणीलासुद्धा नव्हती. मग प्रत्येक भाग गोड्या पाण्यात भिजवायचा, मऊ ब्रशने घासायचा, पुन्हा धुवायचा. त्यानंतर रॉकेलने जुनं ग्रीस काढायचं, सावलीत वाळवायचं आणि मशीनच्या तेलाचा एक थेंब द्यायचा. एकच.

पण रॉकेलच्या आधी एक काम असायचं. भाऊजी तो भाग जिभेच्या टोकाला लावायचे आणि डोळे मिटायचे. मीठ राहिलं आणि वरून तेल दिलं, तर ते आतच कोंडून पितळ हिरवं पडतं. म्हणून जीभ.

"अजून धुवा लागते," असं ते म्हणाले की मी बादली उचलायची. "गोडं झालं," म्हणाले की रॉकेल.

*

त्या पहिल्याच रिळाने आमचा घाम काढला. मी सात वेळा धुतलं आणि सातही वेळा भाऊजी म्हणाले, "अजून धुवा लागते."

आठव्यांदा मी वैतागलो. "भाऊजी, सारं मीठ निघालं असन. तुमची जीभच चुकत असन."

"जीभ चुकत नाई किसना. पाणी चुकते."

त्यांनी बादलीत बोट घातलं, चाटलं, आणि बादली रस्त्यावर ओतून दिली. आमच्या दुकानामागच्या विहिरीचं पाणीच खारं होतं! सगळी गल्ली त्याच पाण्यात डाळ शिजवायची आणि ती शिजत नाही म्हणून डाळवाल्याशी भांडायची. पण विहीर चाखून पाहायचं कोणाच्या मनात आलं नव्हतं. त्या दिवसापासून मी सायकलला दोन डबे बांधून पवनारहून धाम नदीचं पाणी आणू लागलो.

माझी बहीण मात्र कपाळाला हात लावायची. "वरणात मीठ पडलं का नाई, हे या माणसानं वीस वर्षांत कधी सांगतलं नाई. अन् लोखंडातलं बरोबर समजते!"

*

रिळावरचा दोराही धुऊन वाळवावा लागतो. शंभर-दीडशे हात दोरा दुकानात कुठे वाळवणार? आम्ही तो रस्त्याकडेच्या कडुनिंबांना बांधून लांबवर ताणायचो. भाऊजी एका टोकाला, मी दुसऱ्या.

एकदा आंजीचे एक पाटील बैलगाडी थांबवून बराच वेळ पाहत राहिले. मग उतरून भाऊजींजवळ आले.

"साहेब, आंजीले कधी येता मोजणीले? बाजूच्यानं धुरा सरकवून माह्यं वावर दाबलं. पहिले माह्यं मोजा."

भाऊजींनी मान वर केली नाही. "हे दोरी ओली आहे पाटील. ओली दोरी ताणते. ताणल्या दोरीनं वावर कमी भरते."

पाटलांनी दोऱ्याकडे पाहिलं, थोडा विचार केला.

"मग पहिले बाजूच्याचं मोजा," म्हणाले.

*

केळुसकर साहेबांनी गावी जाऊन इतकं कौतुक केलं की कोकणातून पार्सलं येऊ लागली. समुद्रकाठची रिळं धुवायला वर्ध्याला! एका पार्सलात गळाला सुकटीचा तुकडा तसाच राहिला होता. तीन दिवस गल्लीतल्या झाडून साऱ्या मांजरी आमच्या पायरीवर बसून होत्या.

शेजारी किराणा दुकान होतं. त्या दुकानदाराला राहवलं नाही. भाऊजी माळकरी, मासा तर सोडाच, अंडंही घरात चालत नसे.

"मिस्त्री, गळ्यात माळ घालून मासे माराच्या मशीनले जीभ काऊन लावता?"

"मी मिठाले लावतो. मीठ तर एकादशीलेही चालते."

किराणावाला आमच्या पायरीवरच्या मांजरी हाकलायला लागला.

*

साहेब रीळ वापरायचे झोकात आणि परत आणायचे टॉवेलात गुंडाळून, वाळूसकट. भाऊजी त्यांना दरवेळी सांगायचे, घरी आल्याबरोबर गोड्या पाण्यात बुडवून काढा, एवढं तरी करा. साहेब दरवेळी हो म्हणायचे. शेवटी भाऊजी म्हणाले, "बरं, धुवू नका. पण ठेवतानी चाकाच्या ब्रेकचा पेच तेवढा ढिला करून ठेवजा. दिवसभर कसून बसलेला माणूसही आंबते साहेब."

पुढच्या खेपेला रीळ मिठाने पांढरं झालेलं आलं, पण पेच ढिला होता. साहेब इतक्या अभिमानाने दाखवत होते की भाऊजींनी मला मिठाबद्दल बोलू दिलं नाही.

*

मग एका वर्षी भाऊजींना मुदतीचा ताप आला. एकवीस दिवसांनी उठले तेव्हा सदरा अंगावर लोंबत होता. त्याच सुमारास साहेबांचं दिवाळीचं रीळ आलं. मी धुतलं, भाऊजींनी जिभेला लावलं, डोळे मिटले.

"गोडं झालं. लाव रॉकेल."

हात गुंतलेले असले की स्क्रू ओठांत धरायची आम्हा मिस्त्री लोकांची सवय. मी एक स्क्रू ओठांत धरला आणि तसाच थांबलो. खारट लागत होता.

 भाऊजी जेवायला गेल्यावर मी रीळ पुन्हा धुतलं. संध्याकाळी बहिणीला सांगितलं तर तिने चुलीवरचं वरण उतरवून ठेवलं. म्हणाली, "परवा माह्या हातून वरणात दोनदा मीठ पडलं. मागून घेऊन खाल्लं त्यायनं."

सेवाग्रामच्या दवाखान्यात डॉक्टरांनी जीभ पाहिली. "चव येईल, कदाचित येणारही नाही. वाट पाहायची," म्हणाले.  परतताना टांग्यात भाऊजी फक्त एकदा म्हणाले, "मशीनवाले मिस्त्री पन्नास आहेत रे."

काही महिने मी चोरून चाखत होतो. एक दिवस मागच्या खोलीत रीळ जिभेला लावलं आणि समोर भाऊजी उभे.

"काय म्हणते?" त्यांनी विचारलं.

"गोडं आहे भाऊजी."

"मग लाव रॉकेल."

त्यानंतर ते स्वतः चाखेनासे झाले. धुतलेला भाग माझ्याकडे सरकवायचे आणि रस्त्याकडे पाहत बसायचे. परात तीच, बोटं तीच, पण स्वतःच्या दुकानात पाहुण्यासारखे. मला फार वाईट वाटायचं. गिऱ्हाईक मात्र अजून म्हणायचं, दशरथ मिस्त्रीची जीभ म्हणजे जीभ. तेव्हा भाऊजी लगेच उठून पाणी प्यायला जायचे.

*

केळुसकर साहेब निवृत्त होऊन गावी गेले आणि मे महिन्यात त्यांचं पत्र आलं, दोघंही या. बहीण म्हणाली, जा. मला वाटलं भाऊजी नाही म्हणतील. पण नुकताच आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला होता.

"समुद्र आता आपल्याच राज्यात आहे," भाऊजी म्हणाले. "पाहाले काऊन जाव नाई?"

कोल्हापूरपर्यंत रेल्वे आणि पुढे घाटातून मोटार. मी जन्मात इतका हललो नव्हतो. बहिणीने बांधून दिलेलं लोणचं भाऊजींनी वाटेत कोऱ्या चेहऱ्याने खाल्लं. 

सकाळी साहेबांनी आम्हाला किनाऱ्यावर नेलं. ते खडकावर चढले, गळ टाकला, आणि आमच्या हातचं ते रीळ सुरेख आवाज करत सुटलं. मी रिळाकडे पाहत होतो. भाऊजी पाहत नव्हते. त्यांनी वहाणा काढून ठेवल्या, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलं आणि आमच्याकडे पाठ करून पाण्यात गेले. पोटऱ्या बुडाल्यावर थांबले. वाकले, बोट बुडवलं, जिभेला लावलं.

 मग पुन्हा वाकले. या वेळी अख्खी ओंजळ भरून तोंडात घेतली आणि लगेच थू करून थुंकली.

"काय मिस्त्री," साहेबांनी खडकावरून हाक मारली, "कसा वाटला समुद्र?"

भाऊजी वळले. डोळे, नाक, मिश्या, सगळं ओलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि दुकानातल्या त्याच आवाजात म्हणाले,

"अजून धुवा लागते."