अंपारो परत येते का?

काबाइग्वान गावातल्या सिगार कारखान्यात ओन्दिना एचेमेंदिया ज्या बाकावर बसते, तिथून तिला नवऱ्याची पाठ दिसते. ती तंबाखूच्या पानांच्या शिरा काढणाऱ्या बायकांत, तो पलीकडच्या मोठ्या दालनात सिगार वळणाऱ्यांच्या पहिल्या रांगेत. मधलं दार कायम उघडं. इतक्या वर्षांत तिला त्या पाठीवरून सगळं कळायला लागलं होतं. आज पान कोरडं आलंय, दाढ दुखतेय, बेसबॉलमध्ये आपला संघ हरलाय. एवेलियो मुळात कमी बोलायचा, त्यामुळे पाठीचा तिला मोठाच आधार होता.

शिरा काढायचं काम हात करतात, कान मोकळे राहतात. त्या मोकळ्या कानांवर रोज दुपारी कादंबरी पडायची. मोठ्या दालनात उंच चौथऱ्यावर खुर्ची टाकून फेर्मिन सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवायला बसे. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी. कुठली वाचायची ते कामगार हात वर करून ठरवत. त्याच्या आधी फेर्मिनचे वडील वाचत. त्या दोघांच्या तोंडून ओन्दिनानं इतके खून, इतके राजवाडे आणि इतकी बुडती जहाजं ऐकली होती, की त्यांचा हिशेब नाही. पण एक गोष्ट तिच्या ध्यानात आली होती. तिच्या वयाची बाई कादंबरीत आली, की ती दुसऱ्या प्रकरणात मरायची, नाहीतर कुणासाठी तरी सूप घेऊन यायची. सूपाचं भांडं ठेवून ती बाई संध्याकाळी घरी जाऊन काय करते, हे कुणी सांगतच नव्हतं. शेवटी ते तिनं स्वतःच लिहायला घेतलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, भात शिजेपर्यंतच्या वेळात.

कादंबरी पुरी व्हायला तीन हिवाळे गेले. प्रांताच्या प्रकाशनसंस्थेनं ती जाडसर, पिवळट कागदावर छापली. मुखपृष्ठावरून थोडी वादावादी झाली. चित्रकारानं पोहण्याच्या पोशाखातली विशीतली मुलगी काढून पाठवली. ओन्दिना म्हणाली, "अहो, माझी अंपारो बावन्न वर्षांची आहे."

"बाई, बावन्न वर्षांचं चित्र कोण विकत घेईल?" चित्रकारानं विचारलं.

अखेर मुखपृष्ठावर नुसता समुद्र आला.

प्रकाशन समारंभ गावच्या संस्कृती भवनात झाला. प्रांताच्या मुख्य शहराहून, सांक्ती स्पिरितुसहून आलेले पाहुणे 'स्त्रीच्या अंतर्विश्वाचा शोध' या विषयावर इतका वेळ बोलले, की पुढच्या रांगेत एवेलियोला इस्त्रीच्या शर्टातच डुलकी लागली. त्यानं पुस्तक वाचलेलं नव्हतं. तो कुठलंच पुस्तक वाचत नसे. तो ऐकत असे. प्रांताच्या रेडिओवर ओन्दिनाची मुलाखतही झाली, पण ती पहिलं वाक्य पुरं करते न करते तोच वादळाची सूचना आली आणि मुलाखत तिथंच संपली. पुस्तकांच्या दुकानातल्या मिरेलिसनं तिच्या प्रती खिडकीत मांडल्या, डुक्करपालनाच्या पुस्तकाशेजारी. डुकरं भराभर खपत होती.

आणि मग एका दुपारी फेर्मिननं चौथऱ्यावरून जाहीर केलं, "पुढची कादंबरी निवडायची आहे. एक हेरांची आहे, परदेशी. आणि दुसरी आपल्या ओन्दिनाची."

बायकांच्या बाजूनं सगळे हात एकदम वर गेले. पुरुषांनी एकमेकांकडे बघत, हसत हसत वर केले. एवेलियोनंही केला.

ओन्दिनाचे हात मात्र पानावरच राहिले. पहिली कादंबरी माणूस लिहितो ती कुणी वाचणारच नाही या भरवशावर. त्या भरवशावरच तिनं अंपारोच्या नवऱ्याच्या, रोहेलियोच्या अंगावर एवेलियोच्या सगळ्या सवयी चढवल्या होत्या. आता त्या चारचौघांत वाचल्या जाणार होत्या, आणि तेही तो बसलेला असताना. सिगार वळणाऱ्यांची रीत ठरलेली. पुस्तक आवडलं, तर पानं कापायचं पातं टेबलावर ठोकायचं. नाही आवडलं, तर ते जमिनीवर टाकायचं. एवेलियोचं पातं जमिनीवर पडलं तर घरी एका टेबलावर जेवायचं कसं, हा प्रश्न घेऊन ती त्या दिवशी घरी गेली.

दुसऱ्या दिवशी फेर्मिननं वाचायला सुरुवात केली. "रोहेलियो दारात उभा राहिला. टोपी काढण्याआधीच त्यानं विचारलं, 'आज काय शिजवलंयस?'"

दालनात हास्याचा स्फोट झाला.

"अरे एवेलियो," शेजारच्या बाकावरचा निवाल्दो ओरडला, "तू पुस्तकात कधी गेलास रे? आम्हाला सांगितलं पण नाहीस!"

"टोपी तरी काढायची, गड्या!" मागून कुणीतरी म्हणालं.

ओन्दिनानं पाठीकडे पाहिलं. पाठ सिगार वळत होती. जन्मात पहिल्यांदाच तिला त्या पाठीवरून काही कळेना.

कादंबरी पुढं सरकली. अंपारोचा जन्म बेटावरचा, पण ती कधी समुद्रात उतरलेली नसते. मुलं आपापल्या संसाराला लागल्यावर एका सोमवारी ती "रविवारी येते" असं शेजारणीला सांगते आणि पोहायला शिकण्यासाठी बसनं समुद्रावर निघून जाते. इथपर्यंत आल्यावर दालनात असा गदारोळ झाला, की फेर्मिनला पुस्तक मिटून बसावं लागलं.

"नवऱ्यानं आठवडाभर खाल्लं काय?" निवाल्दोचा प्रश्न होता. "ते नको का लिहायला?"

"हात आहेत ना त्याला?" ओन्दिनाशेजारची सोराइदा दारातून ओरडली.

"हात आहेत गं! पण तांदूळ कुठल्या डब्यात असतो, हे कुठं माहीत असतं बिचाऱ्याला?"

"तीस वर्षांत डबा सापडला नाही? आणि बिअर बरी सापडते!"

सगळे पुन्हा एवेलियोकडे बघून हसले. तो हसला नाही की रागावला नाही. सिगारचं टोक बंद केलं, ती बाजूला ठेवली आणि दुसरं पान घेतलं.

घरी मात्र फरक पडला. तो आला, टोपी खुंटीला लावली, हात धुतले आणि मुकाट्यानं टेबलाशी बसला. काय शिजवलंय, हे विचारलं नाही. ओन्दिनानं आपण होऊन सांगितलं, "आज काळा घेवडा केलाय. आणि केळ्याचे काप तळलेत, तुला आवडतात तसे."

"हं," एवेलियो म्हणाला. जेवला आणि खुर्ची ओसरीवर नेऊन रेडिओ लावून बसला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. ज्या प्रश्नाचा तिला सारा जन्म वैताग आला, तो ऐकायला तिचे कान आसुसले.

तिकडे मिरेलिसची वेगळीच तक्रार. "ओन्दिना, अगं, सगळा गाव तुझी गोष्ट फुकट ऐकतोय. विकत कोण घेईल? काल एकजण आला, तुझ्या पुस्तकावरची धूळ माझ्यादेखत फुंकली आणि डुकरांचं घेऊन गेला."

पण फेर्मिन पिढीजात वाचक होता. कुठं थांबायचं, हे त्याला बरोबर ठाऊक होतं. शुक्रवारी तो रविवारच्या प्रसंगापाशी आला. रोहेलियो बसथांब्यावर उभा असतो. हातात छत्री, ऊन रणरणतंय तरी. बस येते, दार उघडतं... फेर्मिननं पुस्तक मिटलं. "बाकीचं सोमवारी."

"मास्तर, हा अन्याय आहे!" दालन ओरडलं.

शनिवारी सकाळी मिरेलिसनं दुकान उघडलं, तर बाहेर रांग. पहिला निवाल्दो. "बायकोला हवंय," तो म्हणाला आणि दुकानाबाहेर पडण्याआधीच शेवटचं पान उघडून उभ्या उभ्या वाचू लागला. मिरेलिसनं ओन्दिनाला बोलावून घेतलं. लोक प्रती पुढं करत होते, ती सही करत होती. एका आजीबाईंनी तिचा हात धरून सांगितलं, "पोरी, त्या नवऱ्याला जरा अक्कल दे गं पुढच्या पुस्तकात." ओन्दिना हसली. पण दुपारी रिकामी खिडकी बघून घरी निघाली, तेव्हा तिला आनंद पुरता झालेला नव्हता.

एवेलियो ओसरीवर बसला होता. तिनं रेडिओ बंद केला.

"म्हाताऱ्या, मी फेर्मिनला सांगते, वाचन थांबव म्हणून. पुस्तक खपलंय, पुरे झालं. तुझं असं हसं झालेलं मला बघवत नाही. तसंही पुढं ती बसमधून..."

"गप!" एवेलियो खुर्चीतून उठलाच. त्यानं चक्क दोन्ही हातांनी कान झाकले. "एक शब्द बोलू नकोस! आठवडाभर तोंडाला कुलूप लावून बसलोय ते कशासाठी?"

"कशासाठी?"

"तुझ्याशी बोलायला लागलो की तू पुढचं सांगून मोकळी होशील! जन्मात तुझ्या पोटात कधी काही राहिलंय? मी एवढी पुस्तकं ऐकली, कुणाला शेवट आधी सांगू दिला नाही. आणि आता लिहिणारीच माझ्या घरात! त्या निवाल्द्याला तर मी बजावलंय, तोंड उघडलंस तर तुलाच पानात गुंडाळीन म्हणून."

ओन्दिना पायरीवर बसली. "म्हणजे तू रागावला नाहीस?"

"रागावलोय की. त्या रोहेलियोवर. तांदूळ सापडत नाही म्हणून रडतो, गाढव." मग रस्त्याकडे बघत हळूच म्हणाला, "पण ती परत येते का? तेवढंच... नको, नको. सांगू नकोस."

तिच्या मनावरचं एक ओझं उतरलं आणि लगेच दुसरं चढलं. कारण अंपारो त्या बसमधून उतरत नव्हती. शेवटच्या पानावरही ती परत येत नव्हती. तिथं ती समुद्रात पाठीवर तरंगत असते आणि पुस्तक संपतं. प्रकाशनसंस्थेतल्या संपादक बाईंनी त्या शेवटाचं फार कौतुक केलं होतं. पण त्या बाई काही ओसरीवर वाट बघत बसलेल्या नव्हत्या.

सोमवारी वाचन सुरू होण्याआधी तिनं फेर्मिनला गाठलं. "मास्तर, शेवटी एक वाक्य जोडून वाचाल? ती घरी आली, एवढंच."

फेर्मिननं चष्म्यावरून पाहिलं. "ती आली, असं वाटतं का तुला?"

ओन्दिनानं बराच विचार केला. "नाही. अजून नाही."

"मग मी छापलंय तेच वाचीन."

त्या दुपारी फेर्मिन शेवटच्या ओळीपाशी आला तेव्हा दालनात पान कापल्याचाही आवाज नव्हता. "तिचे कान पाण्याखाली होते. किनाऱ्यावरचं तिला काहीच ऐकू येत नव्हतं, आणि ती बुडत नव्हती." त्यानं पुस्तक मिटलं.

कुणी पातं ठोकलं नाही की टाकलं नाही. सगळे एवेलियोकडे बघत होते. एवेलियोनं हातातलं पातं टेबलावर ठेवलं आणि तो उभा राहिला.

"मास्तर, ती परत येते का?"

"पुस्तक संपलं, एवेलियो. एरवी मी म्हटलं असतं, लेखक मेलाय. पण ही जिवंत आहे आणि त्या दारापलीकडे बसली आहे. विचार तिलाच."

एवेलियो वळला. लोकांसमोर बायकोशी कसं बोलावं ते त्याला सुचेना, म्हणून तो एकदम अदबीनं म्हणाला, "लेखिकाबाई, परत येते का हो ती?"

बायका खिदळल्या. ओन्दिना उठली. हो म्हणणं सोपं होतं. तिनं मांडीवरचं पान नीट बाजूला ठेवलं.

"मला ठाऊक नाही. पाण्यातून बाहेर यावंसं तिला अजून वाटत नाहीये. पण बस काही एकाच बाजूनं चालत नाही."

एवेलियोनं यावर विचार केला. तो विचार करतो तेव्हा कपाळ खाजवतो, तसं त्यानं खाजवलं. "म्हणजे त्यानं जायचं?"

"जाऊ शकतो."

"त्याला पोहता येत नाही."

"तिला तरी कुठं येत होतं, मागच्या सोमवारपर्यंत?"

सोराइदानं दारातून शीळ घातली. मग कुठल्यातरी रांगेत एक पातं टेबलावर वाजलं, मग दुसरं, मग सगळं दालन वाजू लागलं. एवेलियो त्या आवाजात तसाच उभा होता. मग खाली बसला, पातं उचललं आणि टेबलावर सावकाश ठोकू लागला. एखादी गोष्ट तपासून पटल्यावर माणूस मान हलवतो, तसा.

ऑगस्टमध्ये सुट्टी लागली, तेव्हा ती दोघं बसनं आपल्याच प्रांतातल्या त्रिनिदाद गावच्या किनाऱ्यावर गेली. एवेलियोनं विजार गुडघ्यापर्यंत वळली, पाण्यात शिरला, आणि एक लाट आली ती त्याला छातीपर्यंत भिजवून गेली.

"म्हातारे!" तो तिथून ओरडला. "खारट आहे हे! आणि नाकात जातं! हे तू पुस्तकात कुठंच लिहिलं नाहीस!"

"मला तरी काय माहीत!" ओन्दिना घोट्याएवढ्या पाण्यातून ओरडली आणि झगा वर धरून त्याच्याकडे निघाली.